डाला बंद का पडला

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं अशी रीत आहे. गणवीर भाऊंबद्दल मी चांगलंच बोलणार आहे, त्यात मला काही कष्ट नाहीत. पण त्यांच्याबरोबर आणखी काही माणसांची आठवण येते आणि त्यांच्याबद्दल चांगलं बोलणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकते. नागपूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून, तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला. इतक्या वर्षांनी. आमच्या घरचे म्हणाले, "अगं, आता कोणावर चिडतेस? त्यातलं कोणी उरलंय का?" उरलं नसेल. राग उरलाय.

सत्तरनंतरची ती वर्षं. आम्ही लखनौला महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो. मी एका सरकारी उपक्रमाच्या ऑफिसात प्रशासन शाखेत टायपिस्ट होते. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही मशीनवर हात चालायचा, म्हणून जरा भाव होता. आम्ही भंडाऱ्याकडचे. गणवीर भाऊ नागपूरचे, सैन्याच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं काढून आमच्या ऑफिसात आलेले. ऑफिसच्या जीप, मोटारी आणि ड्रायव्हर यांचा सगळा कारभार त्यांच्या हाताखाली होता. त्या जागेवर ते अजून कायम झालेले नव्हते. "कार्यवाहक" असा शब्द त्यांच्या हुद्द्यापुढे लागायचा आणि तो मीच टाइप करायची. तो शब्द काढून टाकणारी ऑर्डर कधी निघते याची वाट त्यांच्यापेक्षा मीच जास्त बघत होते.

माणूस दिसायला बुटका, भुवया दाट, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशात कायम पांढरा रुमाल, आणि तो पांढराच राहायचा. गॅरेजातला माणूस रुमाल पांढरा कसा ठेवतो हे मला कधी कळलं नाही. त्यांच्या बायको, प्रमिलावहिनी, म्हणायच्या, "तो दाखवायचा आहे. पुसायचा दुसरा आहे." बोलणं नागपुरी, हिंदीसुद्धा नागपुरी. लखनौच्या लोकांना त्यांची हिंदी ऐकून कानात खडे गेल्यासारखं व्हायचं. तिथे साधा रिक्षावालासुद्धा "तशरीफ रखिए" म्हणतो, आणि आमचे भाऊ कायको, किधर, असं दगडासारखं विचारणार.

विचारणं हाच त्यांचा रोग होता. गाडी बंद पडली की सगळी दुनिया काय करते? चार माणसं बोलावते, ढकलते आणि चालू झाली की विसरते. गणवीर भाऊंना ढकलणं अजिबात खपत नसे. "ढकलून चालू केली की कारण आतच राहते. उद्या तुमच्यासोबत तेच कारण ऑफिसले येते," असं म्हणायचे. ड्रायव्हरने आधी सांगायचं, गाडी का चालू होत नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. मग दोघांनी मिळून शोधायचं. तोवर कोणी गाडीला हात लावायचा नाही.

आता लखनौचे ड्रायव्हर. त्यात सगळ्यात जुने छेदीलाल. पान खाऊन ओठ लाल, डोक्यावर टोपी, बोलणं साखरेच्या पाकातलं. त्यांच्याकडे ऑफिसचा जुना पिकअप होता. पुढे दोघांपुरती सीट, मागे उघडा हौदा, रंग कधीकाळी हिरवा. तिकडे त्याला "डाला" म्हणतात. तो डाला दर दोन-चार दिवसांनी सकाळी रुसायचा आणि छेदीलाल येऊन अदबीनं सांगायचे, "हुज़ूर, आज इनका मिज़ाज कुछ नासाज़ है।" गणवीर भाऊ म्हणायचे, मिजाज माणसाला असतो, याला वायर असते, कोणती सुटली ते सांगा. छेदीलाल म्हणायचे, आता बुजुर्ग झालेत, इतक्या सकाळी उठवणं बरं नाही. असं दर वेळी चालायचं. मला वाटतं दोघांनाही त्यात मजा येत होती.

भाऊ फार हुशार मेकॅनिक होते असं मात्र मी म्हणणार नाही. चिवट होते. कितीतरी वेळा चुकायचे. एकदा रविवारी दोघं नवराबायको आमच्याकडे जेवायला आले आणि आमचा स्टोव्ह पेटेना. मी पिन मारली, पंप मारला, काही नाही. म्हटलं, शेजारून आणते. "थांबा ताई," म्हणाले, "काहून पेटत नाही ते तं पाहू." बैठक मारून बसले, बर्नर खोलला, पंपाचं वायसर काढलं, त्याला तेल लावलं, जाळी घासली. भाजी कापलेली तशीच, पोरं भुकेनं किरकिरतायत. शेवटी आमची मुलगी, मराठी समजायची पण उत्तर हिंदीतच द्यायची, ती म्हणाली, "अंकल, इसमें तेल तो है ही नहीं।" आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. "बरोबर बोलून राहिली पोरगी," म्हणाले, "पहिले तेल पाहाले पाहिजे होतं." आणि दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात गाडी बंद पडली की आधी टाकीत काडी घालून बघायची पद्धत सुरू झाली.

चौदा एप्रिलचा कार्यक्रम आम्ही महानगरच्या पार्कात करायचो. एका वर्षी वक्ते उभे राहिले आणि लाउडस्पीकर मुका. वक्ते म्हणाले, मी असाच बोलतो, आवाज आहे मला. गणवीर भाऊंनी त्यांना बोलू दिलं नाही. वायर धरून पार्कभर फिरले, खुर्च्या उठवल्या, सतरंज्या उचलल्या. दोष सापडेपर्यंत वक्त्यांची गाडी पकडायची वेळ झाली आणि ते फोटोला हार घालून निघून गेले. लोक भाऊंवर चिडले. मी नाही चिडले, कारण त्या वक्त्यांना मी आदल्या वर्षी ऐकलं होतं.

आता ग्लासाची गोष्ट. भाऊ त्या जागेवर नवीन आले तेव्हा गॅरेजात चहा यायचा तो काचेच्या ग्लासांतून, आणि एक स्टीलचा ग्लास वेगळा, खिडकीच्या गजाला उलटा टांगलेला. तो कोणासाठी हे मी वाचणाऱ्याला समजावून सांगावं असं मला वाटत नाही. भाऊंनी विचारलं, हा वेगळा का? छेदीलाल म्हणाले, हुजूर अफसर आहेत, अफसरांचा ग्लास खास असतो. भाऊ म्हणाले, असं आहे का, मग सगळेच खास होऊ. दुसऱ्या दिवशी तसेच स्टीलचे ग्लास घेऊन आले, सगळ्यांना पुरतील इतके, आणि आपल्या हातानं धुऊन एकात मिसळून ठेवले. कोणता कोणाचा हे कोणाला ओळखू येईना. दोन दिवस कोणी चहाच प्यायलं नाही. तिसऱ्या दिवशी थंडी वाढली. छेदीलालनी पहिला ग्लास उचलला, डोळे मिटून प्यायला आणि म्हणाले, चहा तर चांगला झालाय. मग बाकीचे प्याले.

तेव्हापासून या दोघांचं जमलं. दुपारी काम नसलं की गॅरेजाच्या कडुलिंबाखाली भाऊ ड्रायव्हरांना इंजिन शिकवायचे. मी वरच्या मजल्यावर खिडकीशी बसायची, मला सगळं ऐकू यायचं. एकदा त्यांनी डाल्याच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून दाखवलं. वाटीएवढी काळी डबी, आत मधोमध फिरणारा एक तुकडा, त्याला रोटर म्हणतात. भाऊ सांगत होते की बॅटरीपासून आलेली ठिणगी इथे येते आणि हा फिरून फिरून चारही सिलिंडरांना वाटतो. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही, एकाला दोनदा आणि दुसऱ्याला उपाशी असं नाही. "गाडी का जीव इधर है," म्हणाले, "बाकी सब लोहा है।"

छेदीलाल बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तो हुज़ूर, असली इंसाफ़ यहीं होता है।" भाऊंना ते फार आवडलं. आमच्या घरी येऊन दोनदा सांगितलं.

सप्टेंबरात तिकडे विश्वकर्मा पूजा असते. कारखाना असो, गॅरेज असो, छापखाना असो, त्या दिवशी काम बंद. हत्यारं धुऊन मांडायची, यंत्रांना टिळे लावायचे, हार घालायचे, लाडू वाटायचे. आपल्याकडे दसऱ्याला करतात तसं. गणवीर भाऊ तरुणपणी नागपूरला दीक्षा घेतलेले, त्यामुळे हात जोडत नसत. पण पूजेला त्यांचा विरोधही नव्हता. आदल्या दिवशी ड्रायव्हरांबरोबर बाह्या सरसावून गाड्या धुवायचे, पताका बांधायला शिडी धरायचे. आरती सुरू झाली की फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. ड्रायव्हरांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते वरच्या मजल्यावर.

वरच्या मजल्यावर आमचे प्रशासन अधिकारी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्या नावाला कागद द्यायची माझी इच्छा नाही. गोरेपान, मऊ बोलणारे. कधी कोणाला "तू" म्हणाले नाहीत. लखनौची सगळी तहजीब त्यांच्याकडे होती आणि तिच्याखाली काय होतं ते आम्हालाच दिसायचं. गणवीर भाऊंना ते "हमारे कोटे वाले गणवीर जी" म्हणायचे, तेही हसून, पाहुण्यांसमोर. त्यांच्या दूरच्या नात्यातला एक माणूस भांडारात होता आणि त्याला गाड्यांचं खातं हवं होतं. सगळ्या ऑफिसला ते ठाऊक होतं.

त्या वर्षीची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीहून मोठे साहेब विमानानं यायचे होते. त्यांच्यासाठी मोटार अमौसीच्या विमानतळावर गेली. त्यांच्याबरोबर यंत्रांच्या पेट्या होत्या, त्या आणायला डाला जायचा होता. मी विमानतळावर माल सोडवायचे कागद घेऊन खाली उतरले, भाऊंची सही घ्यायला. बघते तर डाला हार घालून नवरदेवासारखा उभा, आणि चालू व्हायला तयार नाही.

छेदीलाल किल्ली फिरवत होते. स्टार्टर खणखणीत फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. टाकीत काडी घालून झाली होती, पेट्रोल होतं. तरी इंजिन पकडेना. भाऊ बॉनेट उघडून पुढे जाणार, तेवढ्यात प्रशासन अधिकारी स्वतः खाली आले. वेळ कुठे आहे, म्हणाले, धक्का द्या. भाऊ म्हणाले, साहेब, थोडा वेळ द्या, कारण सापडेल. साहेब म्हणाले, कारण नंतर शोधा, आधी धक्का. मग ड्रायव्हर, चपराशी, माळी, सगळे लागले. तो डाला अंगणात गोल गोल ढकलला. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे सांडल्या. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

सगळे धापा टाकत उभे राहिले आणि साहेब त्यांच्या मऊ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जिस घर का मुखिया ही हाथ न जोड़े, उस घर की गाड़ी चले कैसे?"

दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी खाली बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातले कागद त्या माणसाच्या तोंडावर फेकावेत असं वाटलं. गणवीर भाऊंनी पेट्या आणायला जीप पाठवली आणि ते बॉनेटखाली वाकले. एका प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली, छेदीलालना किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. मग कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी वायर तशीच धरली. तिथे चट्कन ठिणगी पडली. म्हणजे ठिणगी डबीपर्यंत येत होती आणि डबीतून पुढे जात नव्हती.

भाऊंनी झाकण उघडलं. मी त्यांच्या खांद्याजवळ होते. आत रोटरवर लाल भडक कुंकू होतं, गंगाजलात कालवलेलं, अजून ओलसर. ओघळून झाकणाच्या आतल्या बाजूलाही लागलेलं. आणि त्यावर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. बाहेर बॉनेटला, चाकांना, स्टिअरिंगला टिळे होतेच. पण भाऊंनी ज्या जागेला गाडीचा जीव म्हटलं होतं, जिथे खरा इन्साफ होतो असं ज्याला वाटलं होतं, त्यानं मोठ्या श्रद्धेनं झाकण उघडून तिथेही टिळा लावला होता.

मी छेदीलालकडे बघितलं. पान खाऊन लाल झालेले ते ओठसुद्धा पांढरे पडले होते. त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. सरकारी गाडीचं इंजिन परवानगीशिवाय उघडलं, त्यामुळे मोठ्या साहेबांचं काम अडलं, एवढ्यावर निलंबन व्हायला वेळ लागत नसे.

भाऊंनी खिशातला रुमाल काढला. तो पांढरा. रोटर पुसला, झाकण आतून पुसलं, तो दाणा रुमालात घेतला आणि रुमाल खिशात घातला. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. झाकण बसवून म्हणाले, लगाव. पहिल्या किल्लीला डाला सुरू झाला.

"क्या था?" साहेबांनी विचारलं.

"नमी थी साहब।"

खोटं नव्हतं ते. ओल होतीच. पण ज्या माणसानं आयुष्यभर अर्धं कारण कोणाकडून ऐकून घेतलं नाही, त्यानं त्या दिवशी स्वतः अर्धं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, नमी होती तर काल का नाही बघितली, तुमचं काम काय मग? आणि वर निघून गेले. मोठ्या साहेबांना अमौसीला पेट्यांसाठी ताटकळावं लागलं होतं, त्यांनी ऑफिसात आल्यावर आमच्या साहेबांची खरडपट्टी काढली. ते वड्याचं तेल मग वांग्यावर निघालं. आठवडा संपायच्या आत गणवीर भाऊंची गाड्यांच्या खात्यातून आवक-जावक विभागात बदली झाली. टपाल फोडायचं, टपाल चिकटवायचं. ऑर्डर मीच टाइप केली. त्यात कारण लिहिलं होतं, "प्रशासनिक कारणों से"। भांडारातला नातेवाईक भाऊंच्या खुर्चीवर बसला.

त्या संध्याकाळी मी इंदिरा नगरला त्यांच्या घरी गेले. कॉलनी नवी होती तेव्हा, रस्त्यात चिखल. प्रमिलावहिनी कणीक मळत होत्या, त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, भाऊ, तुम्ही सांगितलं का नाही? मी बघितलंय, मी साक्ष देते. छेदीलालवर दया आली असेल, पण त्या दयेपायी तुम्ही तुमची खुर्ची दिलीत. तुमच्यानंतर आपल्या कोणाला ती मिळणार आहे का? मी फार बोलले त्या दिवशी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छेदीलालची नोकरी वाचली पाहिजे, हे तं आहेच ताई. पण तेवढंच नाही. मी काय सांगतलं असतं? कुंकवानं गाडी बंद पडली. हे कोण बोलून राहिलं? गणवीर. जो हात जोडत नाही, तो. अर्ध्या तासात पूजेचा अपमान केला म्हणून सारं ऑफिस माझ्या अंगावर. गाडी काहून बंद पडली ते कोणी पाह्यलं नसतं. तुम्ही साक्ष दिली असती, तर तुम्ही कोण? तुम्ही बी माझ्याच."

वहिनी कणकेवरून हात न काढता म्हणाल्या, "यांच्या तोंडून निघालं का खरं बी खोटं होते."

मी चिडूनच घरी आले. कोणावर चिडले होते तेही नीट समजत नव्हतं. भाऊंवरसुद्धा चिडले होते, हे लिहिलं पाहिजे. इतकं शहाणपण माणसाला कशाला हवं, असं वाटत होतं.

आवक-जावक विभागात ते जसे होते तसेच राहिले. परत आलेलं प्रत्येक पाकीट का परत आलं, हे पोस्टमनला उभं करून विचारायचे. बिचारा पोस्टमन फाटकातूनच टपाल टाकून पळू लागला. छेदीलाल रोज चार वाजता त्यांच्यासाठी चहा पाठवायचे, स्वतः मात्र येत नसत. अंगणात समोर आले तर टोपी काढून बाजूला व्हायचे. भाऊ विचारायचे, डाला कसा आहे? ते म्हणायचे, आपकी दुआ है, आणि पुढे निघून जायचे. एवढा बोलका माणूस, वर्षभरात आटून गेला.

आणि पुन्हा विश्वकर्मा पूजा आली.

या वेळी थाट मोठा. खात्याचे नवे प्रमुख रेशमी कुडत्यात, प्रशासन अधिकारी पहिल्या रांगेत. सगळं ऑफिस खाली गोळा झालेलं. मी मागे उभी होते. टिळ्याची थाळी फिरत फिरत डाल्यापाशी आली. नव्या ड्रायव्हरानं बॉनेट उघडलं आणि कुंकवाचं बोट घेऊन आत वाकला. छेदीलाल पुढे झाले आणि त्याचा हात धरला. म्हणाले, बाहेर लाव, आत नको.

साहेबांनी विचारलं, का हो?

छेदीलालनी टोपी काढली. हात जोडले. मग सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात साखर नव्हती. "साहब, पिछले साल हमने यहीं अंदर रोली लगाई थी। गाड़ी उसी से बंद हुई थी। गणवीर साहब ने देख लिया था, हमें बचाने के लिए पोंछ दिया।"

मला वाटलं, आता. आता तरी. छेदीलाल मान खाली घालून उभे होते, शिक्षा ऐकायला.

आणि प्रशासन अधिकारी हसले. मनापासून हसले. छेदीलालच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे छेदीलाल, श्रद्धा में हो जाता है।" मग सगळेच हसले. कोणी म्हणालं, भोळा माणूस आहे. कोणी म्हणालं, देवानं भक्ती बघितली असेल. छेदीलालच्या हातात एकाऐवजी दोन लाडू ठेवले. आपला तो बाब्या. ते दोन लाडू हातात घेऊन छेदीलाल असे उभे राहिले की ते खावेत की टाकावेत हे त्यांना समजेना. आरती सुरू झाली. गणवीरांचं नाव घेतलं गेलं होतं, ते कोणाच्या कानावर पडलंच नाही जणू. बदली झाली ती झाली.

मी वर धावले. भाऊ पाकिटांवर तिकिटं चिकटवत होते. मी धाप टाकत सगळं सांगितलं, छेदीलाल काय म्हणाले, साहेब काय म्हणाले. त्यांनी ऐकलं. तिकिटाला पाणी लावायचा स्पंज बाजूला सरकवला.

"हासले?"

"हो."

"काहीच केलं नाही त्याले?"

"दोन लाडू दिले."

खालून घंटेचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मंग वर्षभर मी कोणाले वाचवून राहिलो होतो?"

ते उठले आणि जिना उतरून खाली गेले. मी मागोमाग.

आरती संपून प्रसाद वाटणं चाललं होतं. गणवीर भाऊ गर्दीतून सरळ प्रशासन अधिकाऱ्यांपुढे गेले. साहेबांनी तोंड भरून हसत लाडू पुढे केला. भाऊंनी तो घेतला नाही.

"साहब, यही बात पिछले साल मैं बोलता, तो आप हँसते?"

आवाज चढलेला नव्हता. साहेब म्हणाले, गणवीर जी, आजच्या शुभ दिवशी जुनं कशाला काढता, प्रसाद घ्या. भाऊ म्हणाले, मी फक्त विचारलंय, तुम्ही सांगा. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोणीतरी म्हणालं, साहेबांचा फोन आहे. फोन नव्हता, शाखेतले आम्ही सगळे खालीच होतो, वर तो उचलणार कोण? साहेब घाईनं वर गेले.

गणवीर भाऊ तिथेच उभे राहिले, जिन्याच्या पायरीपाशी. लोक लाडू खात खात पांगले. पताका सैल होऊन लोंबायला लागल्या. छेदीलाल आले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले, ते लाडू अजून हातातच. मी वर जाऊन मशीनसमोर बसले, पण एक ओळ नीट टाइप झाली नाही.

पुढे थोड्याच महिन्यांत भाऊंनी स्वतःहून नागपूरला बदली मागून घेतली आणि ती लगेच मिळाली, अशा बदल्यांना तिथे उशीर होत नसे. निरोपाचा चहा झाला, कोणी भाषण केलं, हारही घातला. छेदीलालही त्याच हिवाळ्यात निवृत्त झाले. तो निरोप काही माझ्या लक्षात नाही. गणवीर भाऊ म्हटलं की मला ती संध्याकाळच दिसते. ऑफिस सुटलं, सगळे आपापल्या सायकली काढून निघाले, आणि पायरीपाशी ते दोघं तसेच उभे. साहेबांचा घरी जायचा रोजचा जिना तोच होता, आणि त्या जिन्याखाली एक माणूस फक्त उत्तराची वाट बघत होता.

त्या संध्याकाळी आमचे प्रशासन अधिकारी वरच्या भांडारातून, खोकी ओलांडत, माल चढवायच्या मागच्या जिन्याच्या दारानं घरी गेले. मी ते दार उघडताना त्यांना बघितलं आणि त्यांनी मला बघितलं.